चैत्रात कातरलेली जावळ

बिरा,

तुझं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. मागावर अर्धं घोंगडं तसंच पडलंय. खड्ड्यात पाय सोडून बसतो, धोटा हातात घेतो आणि परत ठेवून देतो. शेवटी बायको म्हणाली, "आवं, हात चालत न्हाईत तर काय तरी लिवा तरी. नुसतं बसून ऱ्हायलासा तर येड लागंल." म्हणून ही वही काढली.

लिहायला बसलो की माझी भाषा शाळेतली होते, हे तुला ठाऊकच आहे. तू मेंढरं घेऊन कऱ्हाडाकडं गेलास की मी पत्र धाडायचो. तू ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचास आणि गुढीपाडव्याला माळावर परत आलास की पहिलं विचारायचास, "मारत्या, त्ये पत्र तू लिवलं व्हतंस का मामलेदारानं?" आता हसायला तू नाहीस, तर मामलेदारासारखंच लिहितो.

गावात जो तो म्हणतोय, बिरा म्हणजे सोन्यासारखा माणूस. मेलं की सगळेच सोन्याचे होतात. तू कसला सोन्याचा! हट्टी होतास, तंबाखू माझी खायचास आणि चुना कमी पडला म्हणून मलाच बोलायचास. मी विणलेल्या प्रत्येक घोंगड्याला नाव ठेवायचास. चिंचोक्याची खळ मी जाड लावतो म्हणून तुझी कायमची तक्रार. "घोंगडं केलंस का पत्रा रं? उबं केलं तर उबं ऱ्हातंय." मी म्हणायचो, खळ जाड असली की पाऊस आत येत नाही. तू म्हणायचास, माणूस पण आत जात नाही. वीस वर्षं हा तंटा चालला आणि निकाल लागायच्या आत तू उठून गेलास. परवा आधी विणून ठेवलेल्या घोंगड्यासाठी खळ शिजवताना हात आखडला माझा. पातळच लावली. आता नावं ठेवायला ये.

तू धनगर, मी सनगर. तुझ्या मेंढरांची लोकर आणि माझा माग, एवढ्यावर आपली दोस्ती सुरू झाली. पण तुझ्या बायकोला, सखूला, भाऊ नव्हता. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिनं मला पाटावर बसवून ओवाळलं आणि त्या दिवसापासून मी तिचा दादा झालो. दर भाऊबीजेला तिच्या हातचं खाल्लं, आणि चार दिवसांनी तुम्ही मेंढरं घेऊन निघालात की गाव मला रिकामं वाटायचं. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू आख्ख्या माळाला सांगत फिरला असतास.

हे सगळं खरं, पण मी त्यासाठी लिहायला बसलेलो नाही. सहा वर्षं माझी चूक तू आपल्या अंगावर घेऊन वागवलीस आणि मी ती वागवू दिली. ते मला सांगायचंय. त्यातलं थोडं तुलाही ठाऊक नाही.

चीनची लढाई झाली त्या सालचा उन्हाळा. सांगलीला शेतकी प्रदर्शन भरणार होतं, त्यात घोंगड्यांचाही विभाग होता. माझ्या डोक्यात वारं शिरलं. आपण जावळीचं घोंगडं न्यायचं! कोकराच्या अंगावरची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती आयुष्यात एकदाच निघते, तिचं घोंगडं अंगाला टोचत नाही, लहान लेकराच्या पाठीला लावलं तरी ते रडत नाही. आमच्या आज्यानं एक विणलं होतं असं ऐकत आलो होतो. आपणही विणावं, सांगलीच्या बाजारपेठेतल्या लोकांनी हात लावून बघावं आणि विचारावं, कोण हा आटपाडीकडचा कारागीर? एवढीच हाव. पोट काही त्यावाचून अडलं नव्हतं.

तुझ्याकडं आलो तर तू सरळ नाही म्हणालास.

"दोन वळीव अंगावरनं गेल्याबिगर कोकराला कातर लावायची न्हाई. आमच्या बानं सांगितलंय."

"तुझ्या बाला कुठलं प्रदर्शन ठाऊक? वैशाखात न्यायचंय. लोकर धुवायची, पिंजायची, सूत काढायचं, विणायचं. ज्येष्ठात कातरून काय करू?"

"मग फुडच्या साली ने की. परदर्शन काय पळून जातंय?"

"पुढच्या साली भरेल कशावरून?"

तू कोकराच्या पाठीवर हात फिरवत बसलास. मग म्हणालास, "न्हाई गड्या. आभाळाचं काय सांगता येत न्हाई."

तेव्हा मी म्हणालो, "मी पंचांगात बघितलंय. यंदा वळीव लय उशिरा आहे. चैत्र कोरडा आहे."

तू माझ्याकडं बघितलंस. तुला अक्षर येत नव्हतं, मला येत होतं. "पंचांगात हाय म्हंतूस? मग हुं दे," असं म्हणून उठलास आणि कातरीला धार लावायला बसलास. सखू पाणी आणायला गेली होती. ती असती तर कातर हिसकावून घेतली असती.

दोन दिवसांनी मी पोती घेऊन माळावर आलो. दुपार कलली होती. कोकरं बोडकी, गुलाबी, एकमेकांना ओळखत नसल्यासारखी हुंगत हिंडत होती. आपण हसलो त्यांना. जावळ तू दोन पोत्यांत दाबून भरलीस आणि वर बसून तोंडं शिवलीस. तेवढ्यात वारा पडला. कुत्रं उठून ओढ्यात उतरलं.

दक्षिणेकडचं आभाळ काळं नव्हतं, हिरवट होतं. असलं आभाळ मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

"मारत्या, ह्यो वळीव न्हवं," तू म्हणालास. "ह्येचा रंग बघ."

पहिल्या गारा आवळ्याएवढ्या होत्या. तू एक उचलून तोंडात टाकलीस, लहान पोरासारखी. दुसरी माझ्या टाळक्यात बसली तेव्हा तू हसलास, आणि तेवढंच हसू. पुढच्या कवठाएवढ्या होत्या. एक दगडावर फुटली तर आत कांद्यासारखे पदर दिसले. मेंढरं मुंड्या एकमेकांच्या पोटाखाली घालून गोल झाली. तू ओरडलास, "वढ्यात चल! दरडीखाली!" आणि मी पळालो. पळताना काय घेऊन पळालो, हे तुला आठवत असेल. दोन्ही पोती ओढत नेली मी.

ओढा कोरडा होता, दरड आत कोरलेली होती. तिथं मी पोत्यांवर पालथा पडलो. तू तुझं घोंगडं चार पदरी करून माझ्या पाठीवर टाकलंस आणि उघडाच परत वर गेलास. दोन बगलांत दोन कोकरं घेऊन आलास, ती माझ्यापाशी टाकलीस आणि पुन्हा गेलास. किती वेळा गेलास ते मी मोजलं नाही. तिसऱ्या की चौथ्या वेळी तुझा डावा हात लोंबत होता. त्यानंतर तू एकएकच कोकरू आणत होतास.

मग ती आली. उन्हाळ्यात आपल्या माळावर वावटळी काय कमी उठतात? त्यात भूत असतं म्हणून तू वहाण फेकायचास आणि मी म्हणायचो, अरे, ती तापलेली हवा असते. पण ही ओढ्यापलीकडं आभाळातून खाली उतरली, सोंडेसारखी, आणि भुईला टेकल्यावर माती वर चढायला लागली. तिचा आवाज कानात नव्हता, छातीत होता. बांधावरची बाभूळ मुळासकट निघालेली मी बघितली. शाळेवरचे पत्रे पत्रावळीसारखे वर गेले. तुझं पाल, आतली चूल, पाण्याची घागर, सगळं डोळ्यांदेखत उचललं गेलं. तू दरडीला पाठ लावून कोकरांवर आडवा झाला होतास आणि माझ्या कानात ओरडत होतास, "वावटळ भुईतनं उठती रं! ही वरनं कशी आली?"

मला उत्तर येत नव्हतं. अजून येत नाही. ती ओढ्याला वळसा घालून पूर्वेकडं गेली म्हणून आपण वाचलो, एवढंच कळतं.

गारा थांबल्यावर पाऊस आला, आणि पावसाबरोबर असला गारठा की चैत्र आहे हे कुणाला पटलं नसतं. माळ पांढरा झाला होता. लोकरवाली मोठी मेंढरं उभी राहिली, अंग झाडू लागली. काही मेली, पण बरीचशी उठली. कोकरं उठेनात. गारांनी जेवढी गेली त्याहून जास्त त्या गारठ्यानं गेली, उघड्या अंगानं थडथडत. जाळायला कोरडी काटकी नव्हती. तू इकडंतिकडं बघितलंस आणि दातांनी पोत्याची शिवण तोडलीस. मूठमूठ जावळ काढून कोकरांच्या अंगावर पसरायला लागलास. त्यांची त्यांनाच परत.

आणि मी म्हणालो, "बिरा, लोकर भिजेल रं."

असं म्हणालो मी. तू ऐकलं नसशील अशी आशा सहा वर्षं धरून बसलोय. पण तुझा हात क्षणभर थांबला होता.

सखू वस्तीवरून धावत आली तेव्हा ऊन पडलं होतं. तिनं मेलेली कोकरं बघितली. प्रत्येकाचं नाव तिला ठाऊक होतं. तिनं एक उचलून मांडीवर घेतलं, बोडक्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "चैतात कुणी सांगितलं व्हतं कातरायला?"

मी तोंड उघडलं. तू माझ्याआधी बोललास.

"माजीच हौस. मलाच घाई झाल्ती."

"तुमास्नी? बाचा सबूद मोडून?"

"व्हय. चुकलं."

आणि तू माझ्याकडं बघून मान हलवलीस. मी तोंड मिटलं. त्या घटकेला बोललो असतो तर बोललो असतो. दुसऱ्या दिवशी ते दुप्पट जड झालं. आठवड्यानं तुझा हात लाकडी पट्ट्यांत बांधला तेव्हा तर विचारूच नको. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

घोंगडं मी विणलं. तूच म्हणालास, "इन आता. मेल्या कोकरांची लोकर वाया घालवू नगंस." उरलेल्या जावळीचं लहानच झालं. सांगलीत त्याचा तिसरा नंबर आला. लोकांनी हात लावून बघितलं, मऊ आहे म्हणाले. साताऱ्याकडच्या एका सुभेदारानं ते घेतलं. मला एक छापील कागद मिळाला, तो ट्रंकेच्या तळाशी घातला आणि ट्रंक उघडायचीच बंद केली.

सखू तुला सोडायची नाही. जेवायला वाढताना बोलायची, मेंढी व्याली की बोलायची. "ह्येंच्या हौसंपायी माजी कोकरं ग्येली." मी समोर बसलेला असायचो, मांडीला मांडी लावून. तू मान खाली घालून भाकरी मोडायचास. कधी माझ्याकडं बघून डोळा मिचकावायचास, जसं काही आपण दोघांनी मिळून तिला फसवलंय आणि तो मोठा विनोद आहे. मला तो घास गिळवत नव्हता, बिरा. पण मी जेवून उठायचो.

गेल्या साली कोयनेचा धरणीकंप झाला. आपल्याकडं फळीवरची भांडी पडली, तर तिकडं काय झालं असेल? तुम्ही तेव्हा कऱ्हाडाच्या बाजूला होता. मी एसटी धरली. दोन दिवस ह्या रानातून त्या रानात विचारत हिंडलो. शेवटी एका उसाच्या कडेला तुझी मेंढरं दिसली आणि मग तू, काठीवर हनुवटी टेकून उभा. मला रडू आलं. तू म्हणालास, "भुई हालली म्हून एवढ्या लांब आलास व्हय? आरं, मी काय भिंतीखाली झोपतुय?"

त्या दिवशी सखू पाण्याला गेल्यावर मी म्हणालो, "बिरा, आज मी तिला सांगतो. मला आता सोसत नाही."

तू तंबाखू मळायचा थांबलास. "काय बी सांगायचं न्हाई. माज्यावर ती रागावली तर रागावली, नवरा कुटं जातुय? तुज्यावर रागावली तर भाऊबीज कुणाकडं करंल? तिला दुसरं म्हायार न्हाई." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. "आन् तुजी काय चूक रं त्यात? पंचांग चुकलं. छापनारा चुकला. तू काय आभाळात जाऊन आलतास?"

तेव्हाच सांगायचं होतं. तुला जे तेवढं ठाऊक नाही, ते हे. पंचांग चुकलं नव्हतं, बिरा. मी पंचांग बघितलंच नव्हतं. माझ्या घरात त्या साली पंचांगच नव्हतं. तू ऐकेनास, म्हणून मला सुचलं ते मी बोललो. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच मी फायदा घेतला. तू मला माफ केलंस ते त्या खोट्याच्या जिवावर. कऱ्हाडाच्या त्या रानात तुझ्या हातची तंबाखू तोंडात टाकून मी गप्प बसलो. लाज वाटते म्हणायला पण लाज वाटते.

दसऱ्यानंतर तुझ्या छातीत कफ धरला. तिसऱ्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "खळ पातळ केलीस का रं?" मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं. तू मान हलवलीस, आणि दिवस मावळायच्या आत गेलास. मला अजून विश्वास बसत नाही. कुत्रं भुंकलं की मी दाराकडं बघतो.

काल सकाळी सखूकडं गेलो. ती कांबळ्यावर लोकर निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. प्रदर्शन, जावळ, पंचांग, सगळं. लोकर भिजेल म्हणालो तेही सांगितलं. सांगून झाल्यावर हलका होईन असं वाटलं होतं. तिचं तोंड बघितलं आणि कळलं, माझं ओझं मी नुसतं तिच्या डोक्यावर दिलं.

ती लोकरीतला काडी-कचरा वेचत राहिली. मग म्हणाली, "सा वरसं मी त्यास्नी बोलले, दादा. आजारपनात बी बोलले. औषीद पाजताना म्हनलं, कोकरांची हाय लागली तुमाला. कायबी म्हनलं न्हाईत. नुसतं हसलं."

"सखू, माझं चुकलं."

"तुजं चुकलं त्ये तू मला सांगून मोकळा झालास. मी आता कुनाला सांगू?"

मी वळलो. दारापाशी पोचलो तेव्हा तिनं हाक मारली. दादा म्हणाली, पण वर बघितलं नाही.

"औंदा मेंढरांबरूबर मानूस कमी हाय. दीर एकलं हायती, मी हाय. दिवाळी-बिवाळी काय करायची न्हाई. परवा निघायचं. ह्येंच्या जागी तू चाल."

"मी? सखू, मला मेंढरांतलं काय कळतंय? माझे पाय सगळा जन्म मागाच्या खड्ड्यात."

"म्हूनच चाल," ती म्हणाली.

उद्या निघायचंय. बायकोनं भाकरी बांधून ठेवल्यात, तुझी काठी सखूनं सकाळी धाडून दिली. तू असतास तर पोट धरून हसला असतास, सनगर निघाला मेंढरं राखायला म्हणून. हस. पण ऐक, मी तुला काहीच विचारून ठेवलं नाही रं. पहिला मुक्काम कुठं टाकायचास? कुठल्या ओढ्याला पाणी गोड, कुठलं रान टाळायचं, पुढची मेंढी अडून बसली की तोंडानं कसला आवाज काढायचास? वीस वर्षं खळीवरून भांडलो, सहा वर्षं नको तिथं गप्प बसलो, आणि तू रोज काय करतोस ते विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.